चाकात दडलेले अकरा भाग

नरडाणा स्टेशनातून भरलेली मालगाडी सुटताना नीट बघावी. ताप्ती व्हॅली लाइनवर अमळनेर, बेटावद मागे टाकून गाडी इथे येते आणि पुढे शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार करत सुरतेकडे जाते. सिग्नल मिळाला की कपलिंग ताणल्याचा खडखडाट डब्याडब्यातून मागे सरकत जातो आणि गाडी हलते. पहिले काही क्षण माणूस तिच्या बाजूने सहज चालू शकतो. तेच इंजिन, तेवढेच डबे, पण वाघिणी रिकाम्या असतील तर गाडी बघता बघता वेग घेते.

हिशेब मांडून पाहू. डब्ल्यूएजी-9 जातीचं मालवाहू इंजिन जास्तीत जास्त सुमारे साडेचार लाख न्यूटन बलाने ओढतं. भरलेली गाडी पाच हजार टनांच्या घरातली धरली, तर तिचं त्वरण दर सेकंदाला दर सेकंद जेमतेम 9 सेंटिमीटर येतं. सगळा जोर लावून ओढलं तरी मिनिटभराने गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटरला पोचतो. रिकामी गाडी इंजिनासकट चौदा-पंधराशे टनांची, म्हणून तिचं त्वरण तिपटीहून जास्त. बल तेच, वस्तुमान कमी, त्वरण त्या प्रमाणात जास्त. नववीच्या पुस्तकात हेच एका ओळीत असतं: बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण.

ही ओळ पोरं पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. ती खरी आहे हे कुणी, कधी, कशावरून ठरवलं, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचित निघतो. त्याचं उत्तर चकित करणारं आहे. नियम 1687 मध्ये छापला गेला, आणि तो डोळ्यांदेखत पडताळून दाखवणारं निर्विवाद यंत्र जवळपास शंभर वर्षांनी आलं.

आपल्या खानदेशातूनच सुरुवात करायची तर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जावं लागेल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला. त्याचा 1207 सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ 1150 सालचा. पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे असं त्यांनी त्यात म्हटलं आहे. शिवाय ग्रहाची ‘तात्कालिक गती’, म्हणजे त्या एका क्षणाची गती, वेगळी काढून मोजण्याचा विचारही त्यांनी केला. मला या दोहोंत दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. गती क्षणाक्षणाला बदलते हे ध्यानात घेऊन तो बदल गणितात पकडणं, ही त्वरणाकडे जाणारी पहिली पायरी आहे. परंतु ओढ किती आणि गतीतला बदल किती, यांचा परस्परसंबंध प्रयोगाने तपासण्याचं काम तिथे नाही, आणि ते आहे असं सांगून भास्कराचार्यांचा मान वाढत नाही. त्यांनी जे केलं तेच प्रचंड आहे.

प्रयोगाची वाट गॅलिलिओने पाडली. पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात जवळपास पाच मीटर खाली जाते. त्या काळी सेकंदाचा भाग मोजणारं घड्याळ नव्हतं. म्हणून त्याने पडणं मंद केलं. लांब तुळईत बोटभर रुंदीची खाच कोरली, गुळगुळीत केली, आतून चर्मपत्र लावलं, तुळई तिरकी ठेवली आणि खाचेतून काशाची गोळी सोडली. वेळ मोजायला पाण्याचं भांडं: बारीक नळीतून पडलेलं पाणी गोळा करायचं आणि ते तोलायचं. 1638 च्या पुस्तकात तो लिहितो की शंभर वेळा केलं तरी अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणातच आलं. पुढे विसाव्या शतकात अलेक्झांडर कोयरे या नामवंत इतिहासकाराला हे पटलं नाही. असल्या साधनांनी एवढा अचूकपणा शक्यच नाही, असं त्याचं मत होतं. मग 1961 मध्ये अमेरिकेत थॉमस सेटल याने लाकडी फळी, गोळी आणि पाण्याचं भांडं घेऊन तो प्रयोग पुन्हा मांडला. गॅलिलिओचे आकडे खरे निघाले. शंकेला उत्तर वादातून आलं नाही, फळीवर गोळी सोडून आलं, म्हणून ही हकीकत मला फार आवडते.

गॅलिलिओने त्वरण दाखवलं. बल आणि त्वरण यांची सांगड घातली न्यूटनने. ‘प्रिन्सिपिया’त दुसरा नियम आहे. त्याच ग्रंथात तिसऱ्या नियमासाठी न्यूटनने दोरीला टांगलेले गोळे एकमेकांवर आपटून पाहिल्याचं सविस्तर वर्णन आहे. आणखी एक प्रयोग त्याने केला, तो गव्हाच्या मुलखातल्या वाचकाला विशेष वाटेल. अकरा फूट लांबीच्या दोऱ्यांना दोन सारख्या लाकडी पेट्या टांगल्या आणि त्यांत पाळीपाळीने सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू भरून त्यांना झोके दिले. सगळ्यांचे झोके बरोबरीने चालले. हजारात एक भाग फरक असता तरी तो कळला असता, असं न्यूटन म्हणतो. म्हणजे पृथ्वीची ओढ वस्तुमानाच्या प्रमाणात असते, मग ते सोनं असो की गहू. पुढच्या सगळ्या कथेचा पाया हाच आहे, कारण हा पाया असल्याशिवाय टांगलेल्या वजनाने बल मोजता येत नाही.

मात्र दुसऱ्या नियमाचा असा थेट प्रयोग न्यूटनने दिलेला नाही. ग्रहांची गणितं जुळतात यावर त्याची भिस्त होती. आज आपण लिहितो त्या रूपात तो नियम 1750 च्या सुमारास लिओनार्ड ऑयलरने मांडला. विज्ञानाचा इतिहासकार थॉमस कून याने 1962 मध्ये लिहिलं आहे की या नियमाचं पहिलं निःसंदिग्ध प्रात्यक्षिक ‘प्रिन्सिपिया’नंतर जवळपास शतकाने, अ‍ॅटवुडच्या यंत्राने घडलं.

जॉर्ज अ‍ॅटवुड हे नाव आपल्याकडे फक्त अकरावीच्या गणितांत उरलं आहे: ‘अ‍ॅटवुडचं यंत्र, कप्पी घर्षणरहित व वजनरहित माना.’ ज्या दोन गोष्टी मानायला आपण पोरांना सांगतो, त्याच दोन गोष्टींशी हा माणूस झुंजला.

अ‍ॅटवुड 1745 चा. न्यूटनच्याच केंब्रिजमधला, न्यूटनच्याच ट्रिनिटी कॉलेजातला. त्याची प्रयोगांसह दिलेली व्याख्यानं गाजत. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला धाकटा विल्यम पिट त्याच्या व्याख्यानांना बसत असे आणि नंतर त्याने अ‍ॅटवुडला सरकारी नेमणूकही दिली. बुद्धिबळाचा तो चांगला खेळाडू होता. फिलिडोरसारख्या उस्तादाचे कित्येक डाव आज उपलब्ध आहेत ते अ‍ॅटवुडने टिपून ठेवले म्हणून. समोर जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवण्याची सवय त्याला प्रयोगशाळेतही उपयोगी पडली असावी, असं मला राहून राहून वाटतं.

त्याच्या काळात न्यूटनचा नियम निर्विवाद नव्हता. लायबनिट्झने 1686 मध्ये सुरू केलेला वाद धुमसत होता: हलत्या वस्तूची ‘ताकद’ वेगाच्या प्रमाणात मोजायची की वेगाच्या वर्गाच्या? ज्याने एडिस्टोनच्या खडकावर दीपगृह बांधलं तो जॉन स्मीटन हा मोठा अभियंता. 1776 मध्ये त्याने स्वतःचे प्रयोग मांडून वेगाच्या वर्गाची बाजू उचलून धरली. पाणचक्क्या आणि यंत्रं उभारणाऱ्या लोकांना विद्यापीठातलं न्यूटनचं शास्त्र कामाचं वाटेनासं झालं होतं. आज आपल्याला माहीत आहे की संवेग आणि ऊर्जा या दोन निरनिराळ्या राशी आहेत आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. पण त्या वेळी न्यूटनच्या बाजूने बोलणाऱ्याला कागदावरच्या युक्तिवादापलीकडे काहीतरी दाखवणं भाग होतं.

अडचण गॅलिलिओचीच होती, आता जास्त कडक स्वरूपात. गॅलिलिओची गोळी उतारावर घरंगळते, तेव्हा तिच्यावर नेमकं किती बल आहे हे सांगणं कठीण, कारण घर्षण आहे आणि गोळी स्वतःभोवती फिरतेही आहे. अ‍ॅटवुडला बल हवं तेवढं कमी-जास्त करता यायला हवं होतं, तेही एकूण वस्तुमान न बदलता. आणि उलटही.

त्याने शोधलेली युक्ती अशी. उंच खांबावर एक हलकं पितळी चाक, त्यावरून बारीक रेशमी दोरा, दोऱ्याच्या दोन टोकांना सारख्या वजनाच्या दोन पेट्या. दोन्हीकडे ओढ सारखी, म्हणून सगळं स्थिर. आता एका पेटीवर छोटं जादा वजन ठेवायचं. ओढणारं बल फक्त त्या जादा वजनाचं, पण त्याला हलवावं लागतं दोन्ही पेट्यांना. म्हणून हालचाल इतकी मंद होते की शेजारी टिकटिकणाऱ्या लंबकाच्या घड्याळावर ती सेकंदासेकंदाने बघता येते. बल बदलायचं आणि एकूण वस्तुमान तेच ठेवायचं, तर एका पेटीतलं वजन उचलून दुसरीत टाकायचं. इतकं सोपं, आणि इतकं चोख.

वेग मोजायची त्याची तऱ्हा याहून देखणी होती. जादा वजन म्हणून त्याने लांबट पट्टी वापरली. खाली एक कडं बसवलं. पेटी कड्यातून आरपार जाते, पट्टी मात्र कड्यावर अडकून राहते. त्या क्षणी ओढणारं बल नाहीसं होतं आणि पेटी मिळालेल्या वेगानेच, न वाढता न घटता, खाली जात राहते. आता तो वेग साध्या मोजपट्टीने मोजा. पहिला नियम आणि दुसरा नियम एकाच दोऱ्यावर.

राहिलं घर्षण. चाकाचा आस त्याने साध्या भोकात बसवला नाही. आसाचं प्रत्येक टोक दोन मोठ्या चाकांच्या कडांवर टेकवलं, अशी चार चाकं. मुख्य चाक फिरलं की तीही सावकाश फिरत, त्यामुळे घासणं फार कमी व्हायचं.

तरीही आकडे जुळणार नाहीतच! आणि इथेच या कथेचा गाभा आहे. पेट्या आणि जादा वजन मिळून जेवढं वस्तुमान होतं, त्यावरून काढलेल्या त्वरणापेक्षा खरं त्वरण कमीच भरणार. कारण ओढणारं बल फक्त पेट्यांना हलवत नाही, चाकालाही फिरवतं. चाक कुठे जात नाही, वर येत नाही की खाली जात नाही, पण थांबलेलं असतं ते फिरू लागतं. त्याच्या कडेचा प्रत्येक कण वेग घेतो. त्यासाठी बल खर्च होतं.

सरळ मार्ग असा होता की उत्तर आधी धरायचं आणि जेवढं कमी पडतं तेवढं ‘चाकामुळे’ म्हणून टाकून द्यायचं. पण मग प्रयोगाने नियम तपासला असं म्हणता आलं नसतं. नियमाच्या आधाराने नियम सिद्ध केल्यासारखं झालं असतं. अ‍ॅटवुडने चाकाचं दडलेलं वस्तुमान स्वतंत्रपणे मोजलं. पेट्या काढून टाकल्या. चाकावर बारीक रेशमी धागा गुंडाळला आणि त्याला 30 ग्रेनचं, म्हणजे दोन ग्रॅमला किंचित कमी, वजन बांधून सोडलं. ते 3 सेकंदांत साडेअडतीस इंच खाली आलं.

एवढ्या दोन आकड्यांत उत्तर आहे. मोकळी सोडलेली वस्तू 3 सेकंदांत सुमारे 1,737 इंच पडते. इथे ती साडेअडतीस इंच पडली, म्हणजे 45 पट कमी. तेव्हा ते 30 ग्रेनचं वजन स्वतःच्या 45 पट वस्तुमान हलवत होतं: सुमारे साडेतेराशे ग्रेन. त्यातून त्याचं स्वतःचं 30 वजा करा. उरतात सुमारे 1,320 ग्रेन, म्हणजे पावणेतीन औंस. अ‍ॅटवुडचं वजनाचं माप पाव औंसाचं, म्हणजे 120 ग्रेनचं होतं. 1,320 भागिले 120: अकरा. चाकात अकरा भाग दडलेले होते.

वाचकाने इथे थांबून कागद-पेन्सिल घ्यावी आणि ही गणती स्वतः करून बघावी. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हातातलं चाक आपल्या टेबलावर बसून तोलता येतं.

आता सगळं हाती आलं होतं. पेट्या, त्यांतली वजनं, ओढणारं जादा वजन आणि चाकातले अकरा भाग मिळून एकूण वस्तुमान त्याने 64 भाग केलं आणि ओढायला एकच भाग ठेवला. नियम खरा असेल तर त्वरण मोकळ्या पडण्याच्या बरोबर चौसष्टावा भाग यायला हवं. तसं असेल तर पेटी पहिल्या सेकंदाअखेर 3 इंच, दुसऱ्याअखेर 12, तिसऱ्याअखेर 27, चौथ्याअखेर 48 इंचांवर असली पाहिजे. लंबकाच्या टोल्याबरोबर पेटी सोडली की त्या त्या टोल्याला ती त्या त्या खुणेवर येत असे. 3 इंचांवर कडं बसवून पट्टी अडकवली तर पुढे दर सेकंदाला 6 इंच, एकसारखे. बल दुप्पट केलं, त्वरण दुप्पट. वस्तुमान दुप्पट केलं, त्वरण निम्मं. व्याख्यानाला बसलेल्या माणसाला गणित येत नसलं तरी टोल्याचा आवाज आणि पेटीची टेकण्याची जागा एकाच क्षणी कळत होती.

त्याचा ग्रंथ 1784 मध्ये छापला गेला. त्याआधीच, 1780 मध्ये, मॅगेलन नावाच्या पोर्तुगीज शास्त्रज्ञाने पत्ररूपाने या यंत्राचं वर्णन व्होल्टाला कळवलं होतं. मग युरोपभरच्या विद्यापीठांत ही यंत्रं पोचली, आणि विज्ञान शिकवलं जाईल तिथे पुढच्या शतकात ती जात राहिली.

हे सगळं नरडाण्यासारख्या गावात करून बघायला पितळी चाकाची गरज नाही. टायर-ट्यूब काढलेली सायकलची रिम घ्या. आस वर भिंतीत किंवा तुळईला पक्का करा, हबमधल्या छर्‍यांना दोन थेंब ऑइल सोडा. रिमवरून सुतळी टाका आणि दोन्ही टोकांना एकेक लिटर पाणी भरलेल्या, वर थोडी जागा राहील अशा बाटल्या बांधा. दोन्हीकडे बरोबर तोल साधला की एका बाटलीत 50 मिलिलिटर पाणी जास्त घाला. मीटरभर उंचीवरून सोडा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा.

चाक विसरून हिशेब केला तर बाटलीने मीटरभर अंतर सुमारे 2.9 सेकंदांत कापायला हवं. रिम आणि तारा मिळून कडेवर एक किलोच्या आसपास वस्तुमान आहे असं धरलं, तर वेळ साडेतीन सेकंदांच्या वर जातो. हबमधलं घर्षण त्यात थोडी भर टाकतं. अर्ध्या सेकंदाहून मोठा फरक. तो बघायला सूक्ष्म यंत्र लागत नाही, पोरगं नुसत्या टाळीवर ओळखतं. आणि मग आमच्याकडच्या पोराच्या तोंडून अस्सल प्रश्न येतो: “सर, चाक ते जागावरच फिरस. मंग त्यानं वजन काब्रं मोजानं?” हा प्रश्न ज्या वर्गात आला त्या वर्गात भौतिकशास्त्र पोचलं असं समजावं. तिथे उत्तर सांगू नये. बाटल्या काढाव्या, रिमवर गुंडाळलेल्या सुतळीला एकच छोटं वजन बांधून सोडावं आणि अ‍ॅटवुडने केलं तसं चाक तोलायला लावावं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हाच नियम ट्रॉलीवर तपासतात. फळीवर एक किलोची ट्रॉली, दोरा, टोकाला कप्पी आणि खाली हँगरवर वजनं. हँगरवर 100, 200, 300 ग्रॅम ठेवत जायचं आणि बल-त्वरणाचा आलेख काढायचा. पोरांना अपेक्षा असते शून्यातून जाणाऱ्या सरळ रेषेची: 0.98, 1.96, 2.94. प्रत्यक्षात, घर्षण अजिबात नाही असं धरलं तरी, येतात 0.89, 1.63, 2.26. रेषा वर जाता जाता वाकते. बल वाढवताना हँगरवरचं वजनही पळणाऱ्या वस्तुमानात मिसळतं, म्हणून. यावर उपाय अ‍ॅटवुडचाच आहे. सगळी वजनं आधी ट्रॉलीवर ठेवायची आणि तिथूनच एकेक उचलून हँगरवर न्यायचं. एकूण वस्तुमान तेच राहतं आणि रेषा सरळ होते. ती अजूनही शून्याच्या थोडी उजवीकडून निघत असेल तर ते घर्षण आहे. फळीच्या एका टोकाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून, हलकेच ढकललेली ट्रॉली एकाच वेगाने चालत राहील इतका उतार द्यावा. मग रेषा शून्यातून जाते.

वाकलेल्या रेषेत वस्तुमान लपलेलं आहे, सरकलेल्या रेषेत घर्षण. पण आपल्या बहुतेक प्रयोगशाळांत ही रेषा कुणाला दिसतच नाही. मागच्या वर्षीचं जर्नल समोर ठेवून, उत्तरावरून उलट गणित करून रीडिंग भरली जातात, कारण एक्स्टर्नलसमोर सरळ रेषेला गुण मिळतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ही पोरं हुशार आहेत, मोटर रिवाइंडिंग करतात, ट्रॅक्टरचा गिअर बॉक्स उघडून लावतात. त्यांना सरळ रेषा हातात देऊन आपण नेमका शोधाचा क्षण त्यांच्याकडून काढून घेतो.

या नियमाची तपासणी अ‍ॅटवुडवर संपली असं कुणी समजू नये. आकाशगंगांच्या कडेचे तारे दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानाने फार वेगाने फिरतात. न दिसणारं कृष्णद्रव्य तिथे आहे असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. 1983 मध्ये मोर्देहाई मिलग्रोम या इस्रायली शास्त्रज्ञाने वेगळाच विचार मांडला: त्वरण अतिशय कमी असेल, मीटर-सेकंदाच्या मापात एकाचा सुमारे आठ अब्जावा भाग, तर कदाचित दुसरा नियमच बदलत असेल आणि बल त्वरणाच्या वर्गाच्या प्रमाणात जात असेल. म्हणजे चाकात वजन दडलंय की नियमच चुकतोय, हा अ‍ॅटवुडपुढचा प्रश्न आकाशगंगेच्या मापाने परत उभा राहिला.

तो प्रयोगशाळेत तपासायचा तर तेवढं मंद त्वरण हवं. 2007 मध्ये अमेरिकेत सिएटलला येन्स गुंडलाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून दाखवलं. बारीक तारेला टांगलेला, पीळ घेत-सोडत फिरणारा लंबक त्यांनी वापरला. बल आणि त्वरण यांचं प्रमाण खरं असेल तर झोका कितीही लहान केला तरी त्याला लागणारा वेळ बदलता कामा नये. त्यांनी झोका लहान लहान करत नेला, आणि त्याच मापात 5 भागिले शंभर लाख कोटी, एवढ्या सूक्ष्म त्वरणापर्यंत प्रमाण टिकून राहिलं. हे त्वरण किती लहान? स्थिर वस्तूला ते सतत मिळत राहिलं तर सेकंदाला एक मिलिमीटर वेग गाठायला तिला सहाशेहून जास्त वर्षं लागतील. वाद यानेही पुरता मिटला नाही. पृथ्वी स्वतःच फिरते आहे, सूर्याभोवती जाते आहे, तेव्हा तिच्या पाठीवर केलेला प्रयोग खऱ्या अर्थाने मंद त्वरणातला म्हणायचा का, असा आक्षेप आहे. तो रास्त आहे आणि त्यावर काम चालू आहे.

आणि वस्तूला हे जडत्व मुळात येतं कुठून? या प्रश्नाला भिडलेला माणूस आपल्यातलाच. कोल्हापुरात 1938 मध्ये जन्मलेले जयंत नारळीकर याच केंब्रिजला गेले आणि 1964 मध्ये त्यांनी फ्रेड हॉईल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. एखाद्या वस्तूचं वस्तुमान हा तिचा एकटीचा गुण नाही, विश्वातल्या इतर सगळ्या द्रव्यामुळे तिला ते मिळतं, असा त्याचा गाभा. मुळात कल्पना अर्न्स्ट माखची, पण तिला गणिताचं रूप देण्याचं धाडस या दोघांनी केलं. तो सिद्धान्त सर्वमान्य झाला नाही. पण ज्या ‘वस्तुमान’ शब्दावरून आपण पुस्तकात घाईने पुढे जातो, तो किती खोल आहे हे त्याने दाखवलं. नारळीकरांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, तिथे शाळकरी मुलांसाठी विज्ञानकेंद्र आलं, आणि त्याच केंद्रात अरविंद गुप्ता यांनी काड्यापेट्या, स्ट्रॉ आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून खेळणी करत विज्ञान शिकवलं. 20 मे 2025 रोजी नारळीकर गेले. त्यांची मराठी पुस्तकं खानदेशातल्या गावोगावच्या वाचनालयांत आहेत.

विज्ञानाच्या शिक्षकांना आणि परीक्षक म्हणून येणाऱ्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. येत्या वर्षी हा प्रयोग मांडाल तेव्हा जर्नलमध्ये कच्ची रीडिंग लिहायला लावा आणि रेषा वाकली तर ती तशीच ठेवू द्या. ‘रेषा का वाकली?’ असा एक प्रश्न तोंडी परीक्षेत विचारा, आणि ज्या मुलाने चाक तोलून त्याचं उत्तर दिलं त्याला पूर्ण गुण द्या.